अॅल्युमिनियमसाठी मिग सोडून टिग घ्यावं का? घरच्या शेडमधली कामं आहेत

तळेगावचा_हौशी

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

नोकरी क्वालिटीत आहे, दिवसभर व्हर्निअर आणि रिपोर्ट, आणि रविवारी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी आणि ग्राइंडर. चार वर्षं झाली सिंगल फेजवरचं मिग आहे, म्हणजे गनमधून वायर आपोआप सोडणारं वेल्डिंग मशीन. त्याच्यावर घराचं गेट केलं, गच्चीवरची शेड केली, गावाकडं भावाच्या गोठ्यातल्या गव्हाणी केल्या, वर्कबेंच केलं. एमएसमध्ये, म्हणजे साध्या स्टीलमध्ये, हात बऱ्यापैकी बसलाय, म्हणजे बायको पण आता "हे तू केलंस?" असं आश्चर्याने नाही विचारत.

आता डोक्यात अॅल्युमिनियम शिरलंय. बाइकला साइड बॉक्स लावायचे स्टँड मी एमएसच्या पाइपात केलेले, रिकामेच भरले साडेनऊ किलो. लडाख वगैरे काही नाही, साधं आंबोलीला गेलो तरी घाटात गाडी मागून डुलत होती. तेच अॅल्युमिनियममध्ये केलं तर भिंत थोडी जाड घेऊनही निम्म्याच्या खाली येईल असा माझा हिशेब आहे. शिवाय ३ एमएम पत्र्याचे बॉक्स करायचेत, पोराच्या दुर्बिणीला एक स्टँड, आणि जीपच्या टपावर कॅरिअर. खिडक्यांचं काम करणाऱ्याकडून ४० बाय ४० चे २ एमएमचे सेक्शन पण आणून ठेवलेत.

घाई केली आणि मिगच्याच गनमध्ये १.२ ची अॅल्युमिनियम वायर भरून बघितली. वायर टिपपर्यंत पोचायच्या आधी रोलरपाशी तिचं चिमणीचं घरटं झालं, तीन वेळा. चौथ्यांदा पोचली तर काळी काजळी आणि बुडबुडे, आणि पाइपला बोट जाईल एवढं भोक. मग शेजारच्या गल्लीतला वेल्डर म्हणाला याला आर्गन वेल्डिंगच लागतं, सीओटूवर होत नाही हे, तुझं मशीन विकून टाक.

तर प्रश्न असा की खरंच टिग (तेच आर्गन वेल्डिंग, टंगस्टनच्या टोकातून आर्क आणि भरावाचा रॉड हाताने द्यायचा) घेऊ का, घेतलं तर कुठलं, आणि माझा मिगचा हात तिथं काही कामाला येतो का परत शून्यापासून? बजेट मनात साठ-सत्तर हजार आहे, घरी जरा कमी सांगितलंय.

---

उद्यमनगरी_कोल्हापूर

भावा आधी एक सांग, गॅस कुठला लावला होतास?

---

तळेगावचा_हौशी

८०-२० चा मिक्स, आर्गन आणि सीओटू. जो होता तोच. माहितीये, हसा.

---

उद्यमनगरी_कोल्हापूर

हसत न्हाई, माझ्याकडं पोरगं नवीन आलं की पहिल्या आठवड्यात हेच करतंय. त्या २० टक्के सीओटूनं अॅल्युमिनियम जाळलं, म्हणून काजळी. अॅल्युमिनियमला निव्वळ आर्गन, टिग असो नाहीतर मिग. म्हणजे तुझ्या मशीनवर जो राग काढलास तो अर्धा गॅसवरचा राग आहे बघ.

घरट्याचं पण सांगतो. अॅल्युमिनियमची वायर लोण्यासारखी मऊ, तुझ्या फीडरला स्टीलचे व्ही खाचेचे रोलर असणार, ते दाबतात, वायर चपटी होते आणि तीन मीटर केबलमधनं ढकलताना कुठंतरी अडली की मागं गुंता. यू खाचेचे रोलर घे, आतलं स्टीलचं लायनर काढून टेफ्लॉनचं टाक, केबल सरळ सोड, रोलरचा दाब कमी कर, टिप एक नंबर मोठी घे कारण गरम झाली की ही वायर फुगते. नाहीतर स्पूल गन घे, पण तुझं मशीन ती घेतंय का बघून. तिच्यात छोटी रीळ गनवरच बसती त्यामुळं ढकलायचं अंतरच राहत नाही. आणि मारताना गन ढकलत न्यायची, ओढत न्यायची न्हाई. एमएसला ओढलं तरी चालून जातंय, इथं ओढलं की गॅस मागं राहतो आणि परत काळं.

पण २ एमएमचा सेक्शन असला तर मी पण मिग घेत नाही हातात. ३ एमएमच्या वर मिग राजा. २ ला सुरुवातीला चिकटत न्हाई आणि शेवटाला भोक पडतंय, कारण तोवर अख्खा पाइप तापलेला असतो.

---

वेल्डर_ट्रेड_निवृत्त

नमस्कार. मी आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेड शिकवत होतो, आता निवृत्त. वरच्या उत्तरात सगळं बरोबर आहे, फक्त सवयीप्रमाणे एक दुरुस्ती करतो, राग मानू नका. तळेगावकर, तुम्ही चार वर्षं जे केलंत ते मिग नाही, मॅग. मिगमधला आय इनर्ट, म्हणजे कशाशीही प्रक्रिया न करणारा वायू, आणि सीओटू तर प्रक्रिया करतो. गंमत अशी की मिगची पद्धत १९४८ साली अमेरिकेत बॅटेल संस्थेत पुढं आली ती मुळात अॅल्युमिनियमसारख्या धातूंसाठीच. सीओटू वापरून ती स्टीलला स्वस्त झाली ते नंतर, १९५३ च्या सुमारास. म्हणजे तुमच्या गल्लीतले वेल्डरबुवा म्हणतात त्याच्या उलटं आहे. असो.

आता मूळ मुद्दा. अॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं. पण त्याच्यावर हवेतच ऑक्साइडचा पातळ पापुद्रा बसलेला असतो आणि तो वितळतो २००० अंशांच्याही वर. दुधावरची साय समजा, फक्त ही साय न वितळणारी. खाली धातू पाणी झालेला असतो आणि वर पापुद्रा पिशवीसारखा धरून ठेवतो, तुम्ही आणखी गरम करता आणि मग अख्खी पिशवी खाली पडते. तुमचं बोटाएवढं भोक ते हेच.

मिगमध्ये वायर कायम पॉझिटिव्हला असते, त्या दिशेने प्रवाह असला की आर्क तो पापुद्रा आपोआप फोडत जातो. टिगमध्ये तसं केलं तर आर्कची जास्तीची उष्णता टंगस्टनवर येते आणि टंगस्टनच वितळून जॉबमध्ये पडतं. उलट टंगस्टन निगेटिव्हला ठेवलं तर उष्णता जॉबला मिळते पण पापुद्रा फुटत नाही. म्हणून एसी लागतो, अर्धी लाट साफ करते, अर्धी लाट वितळवते. विद्यार्थ्यांना मी सांगायचो, एक हात भांडं घासतो आणि दुसरा स्वयंपाक करतो.

याचा तुमच्या खिशाशी थेट संबंध आहे. बाजारात "टिग २००" नावाने जी स्वस्त इन्व्हर्टर मशीनं मिळतात ती बहुतेक फक्त डीसी असतात. स्टेनलेसला उत्तम, अॅल्युमिनियमला निरुपयोगी. दुकानदार "हो, आर्गन आहे, सगळं होतं" म्हणेल. पाटीवर एसी-डीसी दोन्ही लिहिलेलं असलं तरच पैसे काढा. आणि बॅलन्सचं बटण बघा, साधारण ६५ ते ७५ टक्के निगेटिव्ह ठेवतात. पण काही मशीनवर हा आकडा उलटा, म्हणजे साफसफाईचे टक्के म्हणून दाखवतात, तिथं ३० म्हणजेच ७०. पुस्तिका वाचल्याशिवाय फिरवाल तर टंगस्टनचा गोळा होईल आणि दोष मशीनला द्याल.

---

हिशेबी_नाशिककर

सगळे मशीन घ्या म्हणतायत म्हणून उलटं बोलतो. वर्षाला किती जॉब आहेत तुमचे? लिहिलेलं मोजलं तर चार. त्यासाठी मशीन, आर्गनचा सिलिंडर आणि डिपॉझिट, रेग्युलेटर, रॉड, टंगस्टन, नवीन हेल्मेट. मी काय करतो सांगतो. पाइप कापायचे, कोन बरोबर काढायचे, फटी न ठेवता बसवायचे, लाकडाच्या फळीवर जिग करून तो आख्खा जिगसकट एमआयडीसीत आर्गनवाल्याकडं न्यायचा. तो इंचावर पैसे घेतो, अर्ध्या तासात मोकळं. वेल्डिंगचा वेळ दहा टक्के असतो हो, बाकी नव्वद टक्के कापणं आणि बसवणं, ते तर तुम्ही घरी करताच आहात. आणि दुर्बिणीच्या स्टँडला तर वेल्डिंग लागतच नाही, नटबोल्ट लावा, प्रवासात सुटं पण करता येईल.

---

तळेगावचा_हौशी

मुद्दा पटतो, आणि दुर्बिणीचा स्टँड नटबोल्टवरच करतो आता, हे सुचलंच नव्हतं. पण हौसेला मोल नाही हो. दुसऱ्याने मारलेला टाका गाडीवर घेऊन फिरण्यात मजा नाही.

गुरुजी, मॅगचं मान्य. चार वर्षं चुकीच्या नावाने फुशारकी मारत होतो.

घरी १६ अँपिअरचं सॉकेट आहे शेडमध्ये. चालेल का?

---

डेट्रॉइटजवळचा

मी मूळचा सांगलीचा, इकडं मिशिगनमध्ये बारा वर्षं. गराजमध्ये हाच प्रवास करून बसलोय म्हणून लिहितो, आधी स्पूल गन घेतली, दोन वर्षांनी टिग. अजून दोन्ही आहेत. ट्रेलरच्या साइडच्या पट्ट्या, लांब सरळ काम, बाहेर अंगणातलं काम, स्पूल गन. बॉक्स, ब्रॅकेट, पातळ पाइप, जे डोळ्यासमोर राहणार आहे ते टिग. मिग सोडून टिग असा प्रश्नच नाहीये खरं तर, तुमचं मिग विकू नका एवढंच म्हणेन, गेटं तर त्याच्यावरच होणार ना.

सॉकेटचं असं आहे की इकडं आमच्याकडं २४० चं वेगळं सॉकेट ओढून घ्यावं लागतं, तुमच्याकडं २३० घरातच येतं ते सुख आहे. ढोबळ हिशेब सांगतो. पातळ कामाला एका एमएमला ४० अँपिअर धरायचे, म्हणजे २ एमएमला ८०-९०, ३ एमएमला १२०-१३०. टिगचा आर्क १२० ला साधारण १५ व्होल्टवर चालतो, मशीनचे लॉसेस आणि पॉवर फॅक्टर धरून मेनमधून १४-१५ अँपिअर ओढेल. म्हणजे १६ च्या सॉकेटवर ३ एमएमपर्यंत काठावर जमेल, २०० अँपिअर फुल लावलं तर २५ च्या वर जाईल आणि ट्रिप होणार किंवा वायर तापणार. इलेक्ट्रिशियनकडून मीटरपासून ४ स्क्वेअर एमएम वायरची वेगळी लाइन आणि ३२ चा एमसीबी टाकून घ्या, अर्थिंग तपासून घ्या, आणि घराचा मंजूर लोड किती आहे ते बिलावर बघा.

पायाचं पेडल मशीनसोबत येतंय का बघा, येत नसेल तर वेगळं घ्या. याच्यावर बचत करू नका. मिगमध्ये ट्रिगर दाबला की सगळं ठरलेलं, टिगमध्ये अॅल्युमिनियमला सुरुवातीला जोरात करंट लागतो, कारण हा धातू उष्णता स्टीलच्या चारपाचपट वेगाने पळवतो, आणि तीन इंच पुढं गेलात की तेवढाच करंट जास्त होतो कारण आता आख्खा जॉब तापलाय. पायाने सोडत सोडत जायचं. टॉर्चवरच्या बटणाने पण जमतं लोकांना पण शिकताना नको.

आणि मिगचा हात कामाला येतो का विचारलंत. डोळा येतो, हात नाही. पूल, म्हणजे वितळलेल्या धातूचं डबकं, बघायची सवय आहे ती सोन्यासारखी आहे. पण मिगमध्ये वायर मशीन सोडत होतं, आता ती डाव्या हाताच्या बोटांनी तुम्ही सोडायची, उजव्या हातात टॉर्च, आणि पाय वेगळंच काहीतरी करतोय. तबला पेटी एकदम वाजवण्यासारखं आहे. मी महिनाभर टीव्ही बघताना हातमोजा घालून रॉड बोटांतून सरकवायचा सराव करायचो, बायकोला वाटलं याला काहीतरी झालंय.

---

उद्यमनगरी_कोल्हापूर

तबला पेटी 😄 बरोबर हाय.

मी आता फक्त चुका सांगतो, कारण त्या सगळ्या माझ्या पोरांनी करून दावल्यात.

ब्रश. एमएसला वापरलेला वायर ब्रश अॅल्युमिनियमला लावायचा न्हाई. नवीन स्टेनलेसचा घ्यायचा, त्याच्यावर मार्करनं नाव टाकायचं आणि बायकोच्या दागिन्यासारखा वेगळा ठेवायचा. आधी असिटोननं पुसायचं, मग ब्रश मारायचा, हा क्रम. उलटं केलंस तर ब्रश तेल घासून आत घालतो. ब्रश हलक्या हातानं, एकाच दिशेनं. रॉड पण पुसायचा, त्याला कोण पुसत न्हाई. आणि ब्रेक क्लीनरचा स्प्रे असतोय काहींच्याकडं, त्यात क्लोरीन असला तर आर्कच्या उजेडानं त्याचा फॉस्जीन होतो, तो विषारी गॅस हाय, मस्करी न्हाई. असिटोन तरी पूर्ण वाळू दे आणि बाटली लांब ठेव.

टंगस्टन. निळ्या पट्टीचं घे, लँथेनमचं, २.४ एमएमचं. लाल पट्टीचं थोरियमचं असतं, घासताना त्याची धूळ नाकात जाणं बरं न्हाई, किरणोत्सर्गी असतंय थोडं. घासताना लांबीत घासायचं, आडवं न्हाई. टोक केलंस की अगदी किंचित बोथट कर. आणि पहिल्या दिवशी तू टंगस्टन पुलात बुडवणार, लिहून देतो. बुडलं की थांबायचं, काढायचं, परत घासायचं. "चालतंय की" म्हणून पुढं गेलास की काळे ठिपके आणि नागमोडी आर्क. शहाण्यानं आधीच दहा टोकं घासून डब्यात ठेवावीत.

पंखा बंद. मे महिना असला तरी बंद. आर्गन मिनिटाला ८ लिटरच्या आसपास, जास्त सोडलं म्हणून जास्त चांगलं असं न्हाई, उलट भोवरा होऊन हवा आत ओढतो. ७ क्यूबिक मीटरचा मोठा सिलिंडर ८ लिटरनं साडेचौदा तास आर्क देतो, हौशी माणसाला लई झालं. आणि सीओटूचं रेग्युलेटर चालवायचं न्हाई त्याला, आर्गनचं वेगळं घे. एक सुख, आर्गनला हीटर लागत न्हाई आणि घड्याळात प्रेशर उतरताना दिसतं, सीओटूसारखं शेवटच्या दिवशी अचानक दगा देत न्हाई.

---

मांडवीकाठची

इकडं गोव्यात आमच्या घरचा बोटी दुरुस्तीचा धंदा, मी तीन वर्षं टिग करते. एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहिते, पावसाळा. जूनपासून माझे टाके जाळीदार यायला लागायचे, मशीन तेच, हात तोच. वितळलेलं अॅल्युमिनियम हायड्रोजन पितं आणि घट्ट होताना ओकतं, आणि हायड्रोजन येतो ओलाव्यातून. पत्रा बाहेरून आत आणला की त्याच्यावर दव धरतं, ते डोळ्याला दिसत पण नाही. आता मी जॉब आदल्या रात्री आत आणून ठेवते, रॉड झाकणाच्या पाइपात ठेवते, आणि हीट गनने हात लावून कोमट लागेल एवढं शेकते. तळेगावला पाऊस काय कमी नाही तुमच्या.

आणि मटेरिअल कुठलं आहे, म्हणजे मिश्रधातूचा नंबर, ते विचारून घ्या. खिडकीचे सेक्शन बहुतेक ६०६३ असतात, ते छान होतात. पत्रा घ्याल तर ५०५२ मागा, बॉक्ससाठी वाकतो पण छान. भंगारातून चकचकीत कडक प्लेट मिळाली म्हणून आणू नका, ७०७५ निघाली तर टाका मारल्या मारल्या फुटते. रॉड ४०४३ किंवा ५३५६. ४०४३ मऊ वाहतो, नवशिक्याला सोपा, भेगा पण कमी. ५३५६ जास्त ताकदीचा, पण सायलेन्सरजवळ कायम गरम राहणाऱ्या जागी नको, ६५ अंशांच्या वर त्याला घेत नाहीत. अॅनोडायझिंग (विजेने वर ऑक्साइडचा जाड थर चढवणं) करणार असाल तर ५३५६, कारण ४०४३ चा टाका अॅनोडायझिंगमध्ये काळपट पडतो, एका गिऱ्हाइकाची रेलिंग मला परत घासून द्यावी लागली होती त्यापायी. आणि सेक्शनवर आधीच अॅनोडायझिंग असेल तर ते जोडाजवळ घासून काढा, पण ग्राइंडरच्या साध्या चाकाने नाही, अॅल्युमिनियमनं ते चोंदतं आणि फुटू शकतं. फ्लॅप डिस्क.

---

वेल्डर_ट्रेड_निवृत्त

ताईंनी फार महत्त्वाचं लिहिलं. त्यात एक भर, कारण तळेगावकर हे गाडीवर लावणार आहेत.

६०६३ किंवा ६०६१ ची ताकद ही उष्णता देऊन मुरवलेली ताकद आहे, टी-५, टी-६ म्हणतात ती. टाका मारला की आजूबाजूच्या साधारण इंचभर पट्ट्यात ती ताकद उतरते, ढोबळमानाने निम्म्यावर येते. टाका कितीही देखणा असू द्या. म्हणजे तुटणार ते टाक्यात नाही, टाक्याच्या शेजारी. म्हणून स्टँडचा आराखडा एमएसचाच ठेवून फक्त धातू बदलायचा नाही. जिथे जास्त ताण आहे तिथे जोड घेऊच नका, पाइप अखंड ठेवा, कोपऱ्यात तिकोनी पट्टी द्या, भिंत २ ऐवजी ३ घ्या, आणि गाडीच्या चॅसिसला बसणारे कान शक्य तर एमएसचेच ठेवून बोल्टने जोडा, मधे रबराची वॉशर घालून. अॅल्युमिनियमला स्टीलसारखी सहनशक्तीची ठाम मर्यादा नसते, छोटे हादरे लाखो वेळा बसले की कधीतरी भेग येते. आंबोलीच्या घाटात बॉक्स सुटला तर मागून येणाऱ्याचं काय, हा विचार करून काम करा.

सरावाला ३ एमएमचे पट्टीचे तुकडे घ्या. पहिल्या दिवशी रॉड हातातच घेऊ नका. नुसता पूल तयार करून आरशासारखा चकाकला की पुढे सरका, एवढंच. अॅल्युमिनियम लाल होत नाही, वितळण्याआधी रंग बदलून सांगत नाही, त्यामुळे त्या चकाकीवरच नजर बसवायची. आर्कची लांबी टंगस्टनच्या जाडीएवढी, म्हणजे दोन-अडीच एमएम. टॉर्च जवळजवळ उभा, रॉड आडवा, आणि रॉडचं टोक आर्गनच्या बाहेर काढायचं नाही. मग एकाला एक जोडून टी करा, व्हाइसमध्ये धरा आणि हातोड्याने आडवा पाडा. मुळापर्यंत वितळलंय का ते तिथं दिसतं, वरून दिसणाऱ्या नाण्यांच्या चळतीवर भाळू नका.

डोळ्यांचं विसरू नका. अॅल्युमिनियम उजेड परावर्तित करतं, त्यामुळे मानेला आणि हनुवटीखाली पण भाजतं. ११ नंबरची काच, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं. स्वस्त ऑटो हेल्मेट टिगच्या कमी करंटला कधीकधी काळं होत नाही. ते एकदा झालं की रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं आणि घरचे शेडला कुलूप लावतात. आर्गन हवेपेक्षा जड आहे, शेड अगदी बंद ठेवू नका, वारा जॉबवर नको पण हवा खेळती हवी.

---

तळेगावचा_हौशी

सहा आठवड्यांनी परत येतोय, सगळ्यांना सांगायचं होतं.

एसी-डीसी २०० घेतलं, पेडलसकट, बजेटच्या वर गेलो, त्याबद्दल इथं काही लिहीत नाही कारण घरचे पण कधीकधी वाचतात. वेगळी लाइन टाकून घेतली. मिग विकलं नाही.

पहिला रविवार, टंगस्टन अकरा वेळा बुडवलं. मोजलं मी, क्वालिटीतला माणूस आहे. दुसऱ्या रविवारी चार, पण रॉड घातला की पूल गोठायचा, रॉड चिकटायचा, मी ओढायचो आणि जॉब टेबलवरून खाली. मग डेट्रॉइटवाल्यांनी टाकलेला त्यांचा वेल्डिंग करतानाचा फोटो नीट बघितला तर ते स्टुलावर बसून, मनगट टेकवून मारतायत, आणि मी आपला उभा राहून, मिगसारखा. खुर्ची आणली, मनगटाखाली लाकडाचा ठोकळा ठेवला, आणि खरं सांगतो अर्धा प्रॉब्लेम तिथंच गेला. बाकीचा अर्धा असा होता की मी घाबरून कमी करंटवर बराच वेळ थांबायचो. ९० वर पाच सेकंद वाट बघण्यापेक्षा १३० वर एका सेकंदात पूल करून पाय सोडायचा, हे कळायला मला तीन रविवार लागले. हळू म्हणजे सुरक्षित ही मिगची खोड होती, इथं हळू म्हणजे आख्खा पाइप तापवणं.

गुरुजींच्या हातोड्यात पहिले सहा टी सोलून निघाले. वरून सुंदर, खाली नुसते चिकटवलेले. सातवा वाकला पण सुटला नाही, तो मी टीव्हीवर ठेवलाय.

बॅलन्स, माझं मशीन उलटं दाखवणाऱ्यातलंच निघालं. मी ७० लावून बसलेलो, टंगस्टनचा लाडू झाला आणि मी दुकानदाराला फोन करणार तेवढ्यात हा धागा आठवला.

स्टँड केला. ३ एमएमचा सेक्शन, मधला मुख्य आडवा पाइप अखंड, गाडीला बसणारे कान एमएसचे, ते माझ्या जुन्या मिगनेच मारले (मॅगने, मॅगने). दोन्ही मिळून ४ किलो ३०० ग्रॅम. फोटो टाकतोय, टाके एकसारखे नाहीत, डावीकडचे शेवटी केलेले म्हणून बरे आहेत. आधी बॉक्समध्ये वाळूची पोती घालून गल्लीत फिरवतो, मग घाट.

---

मांडवीकाठची

सहा आठवड्यांत छान आहे की. डावीकडचा खालचा कोपरा तर मस्तच.

---

उद्यमनगरी_कोल्हापूर

नाद खुळा भावा. पण फोटो मोठा करून बघितला, उजवीकडं वरच्या तिकोनी पट्टीच्या टाक्याचं शेवटचं टोक बघ. खड्डा हाय तिथं. तू टाका संपला की पाय एकदम उचललास. त्या खड्ड्यात आता न्हाई तर पंधरा दिवसांनी चांदणीसारखी चीर येणार आणि तिथनं सरळ पाइपात उतरणार. शेवटाला पाय हळू सोडायचा, एक थेंब रॉड जास्तीचा द्यायचा, थोडं मागं यायचं, आणि आर्क विझला तरी गॅस थांबेपर्यंत टॉर्च तिथंच धरायचा.

---

तळेगावचा_हौशी

बघितलं. आहे. भिंगातून बघितलं तर चीर पण आहे, केसासारखी. म्हणजे वरून परत मारून चालणार नाही ना, घासून काढावी लागेल आधी?

---

उद्यमनगरी_कोल्हापूर

घासून काढ, चीर दिसायची बंद झाली की अजून थोडं घास. मग असिटोन, मग ब्रश. वाळूची पोती उद्या.